खाणगाडीच्या बाई

कोल्हापुरात मुलींच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायची जागा मला मिळाली, ती माझ्या चित्रांमुळं नव्हे. हेडबाईंच्या खोलीत मी माझी चित्रं पुठ्ठ्यात बांधून घेऊन गेलो होतो. त्यांनी त्या पुठ्ठ्याची गाठ सोडलीच नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघत त्यांनी विचारलं, "लोखंडाला लावलेला हिरवा रंग उन्हात टिकतो का?"

"अस्तर नीट दिलं तर टिकतो," मी म्हटलं.

"आणि वाफेत?"

"वाफेत कुठलाच रंग टिकत नाही, बाई."

त्या पहिल्यांदा हसल्या. "खरं बोललात. तुमच्या आधी आलेले दोघं टिकतो म्हणाले. सोमवारपासून शाळेत या. पण त्याआधी रविवारी खाणगाडीवर या. जुने कपडे घालून."

खाणगाडी म्हणजे काय, हे त्या वेळच्या कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नसे. मी बाहेरगावचा, त्यामुळं मला विचारावं लागलं. गावाच्या कडेवरून निघून बिरदेवाच्या डोंगराच्या पायथ्याशी जाणारी ती एक चिमुकली आगगाडी होती. कधीकाळी दरबारानं डोंगरातला काळा दगड बंधाऱ्याच्या कामाला आणण्यासाठी ती घातली होती. बंधारा झाला, खाण बंद पडली, पण रूळ राहिले आणि इंजिनही राहिलं. मग दरबारच्या पाहुण्यांना वनभोजनाला न्यायचं म्हणून दगड वाहायच्या उघड्या वाघिणींवर बाकं ठोकली आणि वर पत्र्याचं छप्पर चढवलं. इंजिन इतकं ठेंगणं, की उंच माणसाला आत वाकूनच उभं राहावं लागे. शिट्टी बारीक आणि थरथरती. म्हणून गावानं त्याचं नाव 'शेळी' पाडलं होतं.

संस्थान विलीन झालं आणि दरबारच्या सगळ्या चीजवस्तू नव्या सरकारकडं गेल्या. खाणगाडी भंगारात निघाली. रूळ उचलून विकायचे आणि इंजिन फोडायचं, असं ठरलं. हे कानावर आलं तशा हेडबाई उठून कचेरीत गेल्या. बरोबर चाचांना घेतलं. चाचा म्हणजे शेळीचे ड्रायव्हर. संस्थानच्या मोठ्या रेल्वेत उभा जन्म इंजिनावर काढून ते घरी बसले होते आणि घरी बसवत नाही म्हणून शेळीला पुसायला येत होते. त्या दिवशी कचेरीत काय घडलं, ते मी चाचांच्याच तोंडून ऐकलं आहे.

साहेबांनी विचारलं, "बाई, या गाडीचा समाजाला उपयोग काय?"

ते दिवसच तसे होते. जो तो देशाच्या उभारणीबद्दल बोलत होता. बाईंनी मुलींचं शिक्षण म्हटलं असतं, यात्रेकरूंची सोय म्हटलं असतं, तरी चाललं असतं. चाचा मनातल्या मनात तेच म्हणत होते, की बाईंनी एवढं बोलून टाकावं आणि सुटावं. बाई म्हणाल्या, "विशेष काही नाही. डोंगराला बैलगाडीनंही जाता येतं."

"मग ठेवायची कशाला?"

"चांगली बनवलेली वस्तू आहे. अजून चालते. बघितलं की माणसाला बरं वाटतं. चालती वस्तू मोडायला माझं मन घेत नाही. तुमच्याकडं पैसा मागायला मी आलेले नाही. ती आपलं पोट आपण भरेल. फक्त मोडू नका."

साहेबांनी कागद पुढं ओढला. मग त्यांनी दोन अटी घातल्या. दरवर्षी इन्स्पेक्टर बॉयलर तपासणार, आणि एकही अपघात झाला तरी गाडी कायमची बंद. बाईंनी दोन्ही कबूल केल्या.

"साहेबाला वाटलं, बाई येडी हाय," चाचा सांगायचे. "मला बी तसंच वाटलं. पर येड्या माणसाबरूबर काम करायला मजा येती की!"

बाई शाळेत शिकवायच्या संस्कृत. पांढरंशुभ्र पाचवारी, चापून बांधलेला अंबाडा, आवाजात कधी चढ नाही. विभक्ती चुकलेल्या मुलीकडं त्या नुसत्या बघायच्या आणि ती मुलगी आपणच चूक दुरुस्त करायची. रविवारी मात्र ही बाई वेगळीच दिसायची. काष्ट्याचं जुनं लुगडं, पायात पोलिसांचे टाकून दिलेले बूट, हातात एक लहान हातोडा आणि कमरेच्या पिशवीत शेंगदाणे आणि गुळाचा खडा. पहिली गाडी सुटण्यापूर्वी त्या सगळा रस्ता चालून जायच्या. रुळांच्या प्रत्येक सांध्यावर हातोडा टेकवून कान द्यायच्या. मधेच गुडघे टेकून रुळाखालच्या लाकडी स्लीपरला नाक लावायच्या. शेताकडं निघालेल्या बाया थबकून बघत. "काय हुंगत्यात ह्या बाई?" असं एकमेकींना विचारत.

मलाही पहिल्या रविवारी तोच प्रश्न पडला. त्यांनी मला वाकायला लावलं. "लाकूड आधी वासाला जातं, मग हाताला आणि शेवटी डोळ्याला. डोळ्याला दिसेपर्यंत जो थांबतो, त्याची गाडी ओढ्यात जाते. घ्या वास."

मी घेतला. मला नुसता तेलाचा आणि धुळीचा वास आला. पुढचा स्लीपर हुंगायला लावला. मग त्यापुढचा. एका ठिकाणी मला भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला आणि मी तसं म्हणालो. बाईंनी पिशवीतून खडू काढून त्या स्लीपरवर फुली मारली आणि हातावर शेंगदाणे ठेवले. मला कलाशाळेत बक्षीस मिळालं होतं, त्या दिवशीही एवढा आनंद झाला नव्हता.

या गाडीचं वेड बाईंना कुठून लागलं, हे गावाला कळत नसे. त्यांच्या घराण्यात कुणी रेल्वेत नव्हतं. लोक तर्क करायचे. कुणी म्हणे लहानपणी गाडीनं जीव वाचवला, कुणी म्हणे लग्न मोडलं त्याचं हे. एकदा शिक्षकांच्या खोलीत एका नव्या बाईंनी धीर करून विचारलंच. हेडबाई म्हणाल्या, "अहो, लोक मांजरं पाळतात. त्यांना कुणी विचारतं का?"

गाडी ठेवायची तर हात हवेत. पगार द्यायला कुठं काय होतं? बाई एक दिवस सरळ तालमीत गेल्या. बाईमाणसानं तालमीच्या दारात उभं राहायचं हीच मोठी गोष्ट. आत पोरं लंगोटावर. एकच पळापळ झाली. वस्ताद अंगावर पटका घेत बाहेर आले. मोठ्या अंगाचा, कान चुरगळलेला माणूस.

"वस्ताद," बाई म्हणाल्या, "तुमची मुलं रोज जोर मारतात, बैठका मारतात. एवढा घाम मातीत जातो. आठवड्यातून एक दिवस तो रुळाखाली जाऊ द्या. स्लीपर बदलायचे आहेत."

वस्ताद म्हणाले, "घाम पोरांचा हाय, बाई. त्यो मी कसा देऊ? आन् खुराक कोण देणार?"

"रविवारी घाम गाडीसाठी, तर रविवारची थंडाई गाडीकडून. बदाम घालून."

"बदाम किती?"

"वस्ताद, मी संस्कृतची बाई आहे. बदामात फसवणार नाही."

वस्ताद खो खो हसले आणि तिथून पुढं दर रविवारी तालमीची पोरं लाइनवर यायला लागली. चौघांनी मिळून उचलायचा स्लीपर एकेकटा खांद्यावर टाकून पळायचा. शर्यती लागायच्या. बाई ओरडायच्या, "पळू नका! पडला तर स्लीपर फुटेल!" पोराचं काय होईल, हे त्या बोलत नसत, पण आयोडीनची बाटली पिशवीत असे. उद्यमनगरातले दोन-तीन कारखानदारही आले. त्यांच्या ओतशाळेत तेलाच्या इंजिनांचे भाग ओतले जात. शेळीचा एखादा भाग झिजला, की ते नमुना घेऊन जात आणि नवा ओतून आणत. मी डबे रंगवायचो. अशी ती गाडी दर रविवारी आणि सणावारी माणसं घेऊन डोंगराला जायची आणि परत यायची.

पैशाच्या बाबतीत बाईंचा एक नियम होता आणि तो मोडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आलेल्या पैशातून आधी कोळसा, मग डागडुजी, मग 'शेळीचं म्हातारपण'. यातून काही उरलं तर बाकीच्या हौशी. म्हातारपण म्हणजे बॉयलरसाठी बाजूला टाकलेली रक्कम. "आज ती पळते म्हणून आपण विसरतो," त्या म्हणायच्या. "एक दिवस तिच्या नळ्या गळायला लागतील. त्या दिवशी दारोदार फिरायचं नाही. ती जुनी आहे म्हणून टाकायची नाही आणि जुनी आहे म्हणून तिचे लाडही करायचे नाहीत."

आणि फुकट कुणी बसायचं नाही. गाडी चालवायला बाईंनी एक मंडळ काढलं होतं. त्याचे सभासद असोत नाहीतर काम करणारे, गाडीत बसायचं तर तिकीट घ्यायचं. चाचा इंजिन चालवायचे, पण घरच्यांना आणलं की तिकिटं काढायचे. एकदा एक बडे अधिकारी सहकुटुंब आले आणि डब्यात जाऊन बसले. बाई खाली उभ्या राहून नम्रपणे म्हणाल्या, "आपली तिकिटं राहिली वाटतं." बरोबरचा शिपाई डोळे वटारायला लागला. साहेबांनी मात्र मुकाट्यानं खिशात हात घातला. जाताना ते म्हणाले, "बाई, आमच्या खात्यात या." बाई म्हणाल्या, "तिथं वास घ्यायला लाकूड नाही."

मंडळाचे अध्यक्ष होते गुळाचे एक अडत व्यापारी. सगळे त्यांना शेठजी म्हणत. दिलदार माणूस, बोलायला लागला की मार्केट यार्डात ऐकू जाईल असा आवाज. एकदा ते म्हणाले, "बाई, डब्यावर आमच्या अडतीचं नाव टाका की. पैसे देतो." मला वाटलं, आता बाई भडकणार. जुन्या दरबारच्या गाडीवर जाहिरात! बाईंनी विचारलं, "कायमचं का वर्षाचं?"

"कायमचं."

"कायमचं नाही मिळणार. वर्षाचं घ्या. दरवर्षी नवा रंग, दरवर्षी नवे पैसे."

आणि मी त्या हिरव्या डब्यावर गुळाची एक पिवळीधमक ढेप काढली. गावातले काही रसिक नाराज झाले. ऐतिहासिक वस्तू बाटवली म्हणाले. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ढेपेनं डबा बाटत नाही. छप्पर गळलं की बाटतो."

आता त्या जत्रेचं सांगतो.

बिरदेवाची जत्रा दसऱ्यानंतर भरायची. सगळ्या मुलुखातून धनगर यायचे. ढोल, कैताळ, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं. त्या एका दिवसात खाणगाडीला जेवढं मिळायचं, त्यावर वर्षातले कितीतरी रविवार निभायचे. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. आदल्या रात्रीपर्यंत ओढा दुथडी वाहत होता. जत्रेच्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि सकाळपासून लोकांची रीघ लागली. शेठजींनी एक डबा आपल्या पाहुण्यांसाठी घेतला होता. हातकणंगल्याकडची सोयरी माणसं आलेली. शिवाय शेठजींच्या म्हाताऱ्या आईचा नवस होता. तिला चालवत नव्हतं. गाडीनंच डोंगराशी जायचं असं तिनं मनाशी धरलं होतं. म्हातारी नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर बसली होती, मांडीवर नारळ.

शेळीत वाफ धरली होती. चाचा शिट्टी मारायच्या तयारीत होते. तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं बाई येताना दिसल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्या सरळ इंजिनाशी आल्या.

"चाचा, आग काढा."

चाचांना कळेना. "काय झालं?"

"पुलाचा उजवा वासा. वास येतोय."

ओढ्यावर एक लहानसा पूल होता. दगडाच्या दोन खांबांवर टाकलेल्या जाड लाकडी वाशांवरून रूळ गेले होते. शेठजी पुढं आले. "बाई, काल गाडी त्याच पुलावरून गेली की!"

"काल गेली."

"मग आज काय झालं?"

"रात्रभर पाण्यात होता तो. आज मला त्याची खात्री नाही."

चाचा हळूच म्हणाले, "बाई, माणसं उतरवून रिकामी न्हेतो. आन् पलीकडं बसवतो. हळूहळू."

"आणि तुम्ही? तुम्ही माणूस नाही?"

शेठजींचा आवाज चढला. एवढी गर्दी, एवढे पाहुणे, वर्षाचं उत्पन्न, सगळं एका वासावर सोडायचं? त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही वाटत नाही. बाईंनी वाद घातला नाही. त्या डब्याच्या पायरीवर चढल्या आणि कधी नव्हे तो आवाज चढवून लोकांना म्हणाल्या, "गाडी आज जाणार नाही. पुलावर माझा भरवसा नाही. ज्यांनी तिकिटं काढलीत त्यांनी पैसे परत घ्यावेत. मला माफ करा."

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. शिव्याही झाल्या. एक जण ओरडला, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं!" वस्ताद त्याच्या बाजूला जाऊन नुसते उभे राहिले, तसा तो दुसरीकडं बघायला लागला. खरं बोलली ती शेठजींची आई. खाली उतरवा म्हणाली आणि उतरून मुलाला म्हणाली, "ओरडतोस कशाला? बैलगाडी बघ. तुझ्या बापानं मला तशीच न्हेलती की."

म्हातारी बैलगाडीनं गेली. पण सोयऱ्यांसमोर झालेला अपमान शेठजींना गिळवला नाही. जाताना ते मला म्हणाले, "मास्तर, ती ढेप पुसून टाका." आणि त्यांनी मंडळ सोडलं.

दुपारी वस्तादांच्या पोरांनी पूल उघडला. उजवा वासा बाहेर काढला. एका पोरानं पहार घालून बघितली. खालच्या बाजूनं पहार भसकन आत गेली, पण मधे जाऊन टणक लाकडावर थांबली. सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

"अर्धं लाकूड जित्तं हाय, बाई," वस्ताद म्हणाले.

चाचा वाकून बघत होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "धरलं असतं."

"धरलं असतं," बाई म्हणाल्या. "बदला."

नवा सागवानी वासा शेडमध्ये पडून होता. बाईंनी तो आदल्या वर्षीच घेऊन ठेवला होता. तेव्हा सगळ्यांनी नको म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत तो बसला आणि रूळ पुन्हा आवळले गेले. डोंगरावरून ढोलांचा आवाज येत होता आणि भंडाऱ्यानं माखलेली माणसं पायी परतत होती. त्यांतली काही आमच्याकडं बघून हसत होती.

परत येताना मी बाईंबरोबर चालत होतो. मी विचारलं, "बाई, चुकलं असं वाटतं का?"

"माहीत नाही. आता कधी कळणारही नाही." थोडं चालून गेल्यावर त्या म्हणाल्या, "कळायचा एकच मार्ग होता, मास्तर. तो मला नको होता." गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा एकदम म्हणाल्या, "त्या म्हातारीला गाडीतून न्यायचं होतं हो मला." आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

पुढचे महिने वाईट गेले. जत्रेचं उत्पन्न बुडालं, शेठजींचा आधार गेला आणि पूल कुजला आहे अशी आवई उठल्यामुळं रविवारीही माणसं येईनात. कोळशाला पैसे नव्हते. मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी एकच सुचवलं, म्हातारपणातून काढू या. पुन्हा भरता येईल. बाई म्हणाल्या, "पुन्हा कुणी भरत नाही. मी माझ्या घरातलं काढलेलं अजून भरलेलं नाही." हसायला आलं, पण रक्कम हलली नाही.

त्याऐवजी त्या गुऱ्हाळांवर गेल्या. हंगाम सुरू झाला होता. रस काढून उरलेली उसाची चिपाडं गुऱ्हाळवाले चुलाणाखाली जाळत, आणि जास्तीची तशीच पडून असत. बाईंनी ती मागून आणली. चाचांनी कपाळाला हात लावला. "बाई, साऱ्या जन्मात इंजिनाला कोळशाबिगर काय घातलं न्हाय. हे गवत हाय!"

"शेळी आहे ना? मग खाईल की."

शेळीनं खाल्लं. सारखं घालावं लागे, दम कमी पडे, चढावर ती थांबून थांबून चाले. तालमीची पोरं आळीपाळीनं चिपाडं आत सारायची. पण धूर निघायचा तो असा गोड, खमंग, की अख्खं शिवार गुऱ्हाळासारखं वास मारायचं. शेतातली पोरं नाकं वर करून गाडीमागं धावायची. नुसत्या त्या वासाला काही माणसं यायला लागली. बाई स्वतः गंगावेशीत, दूध प्यायला लोक जमतात तिथं, सकाळी उभ्या राहून सांगायच्या, "पूल नवा आहे. या आणि बघून जा." काही जण खरंच पुलाखाली जाऊन बघायचे. बाई त्यांना कंदील द्यायच्या.

एकदा मी पुलाखालून आलेल्या एका शेतकऱ्याला गाडीत चढताना विचारलं, "पटलं का?" तो म्हणाला, "लाकडातलं मला काय कळतंय? पर जत्रंचा गल्ला सोडला न्हवं ह्या बाईनं? मग बसायला काय हरकत हाय?"

संक्रांत झाल्यावर एका रविवारी शेठजी आले. म्हणजे त्यांना आणलं गेलं. त्यांच्या आईनं काठी टेकत पुढं येऊन बाईंना सांगितलं, "मला हिच्यात बसायचंय. माझं राहिलंय." शेठजींनी तिकिटं काढली. बाईंशी ते बोलले नाहीत, बाईही बोलल्या नाहीत. फक्त म्हातारीला वर चढताना बाईंनी खालून हात दिला आणि शेठजींनी वरून. त्या दिवशी चाचांनी ठेवणीतला कोळसा काढला होता, कारण म्हातारीला चढावर थांबायला लागू नये. परत आल्यावर शेठजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, ती ढेप परत काढा. या वेळी जरा मोठी."

त्यानंतर काही वर्षांनी शेळीच्या नळ्या खरोखरच गळायला लागल्या. इन्स्पेक्टर साहेबांनी बॉयलर चालवायला बंदी केली. आमच्या तोंडचं पाणी पळालं. बाई एकट्याच शांत होत्या. म्हातारपण काढलं गेलं. नळ्या आणि पत्रा त्यातून आला, मजुरी उद्यमनगरच्या कारागिरांनी घेतली नाही. दिवाळीच्या आधी शेळी पुन्हा शिट्टी मारत बाहेर आली, तेव्हा तिच्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागलेला नव्हता. उरलेल्या रकमेला बाईंनी पुन्हा तेच नाव दिलं.

त्याच सुमारास त्या शाळेतून निवृत्त झाल्या. आम्हाला वाटलं, आता बाई रोज लाइनवर येणार. मंडळाच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "मी आजऱ्याला भावाकडं चालले. वर्षभर येणार नाही. पत्र पाठवू नका, मी उत्तर देणार नाही."

वस्ताद कावरेबावरे झाले. "आमचं काय चुकलं, बाई?"

"काही नाही. ही गाडी माझ्यामुळं चालते का खरंच चालते, ते मला कळत नाही. इथं राहून कळणारही नाही."

आणि त्या गेल्या. ते वर्ष आम्ही कसं काढलं, काय सांगू? पहिल्या रविवारी हातोडा कुणी घ्यायचा यावरून नजरानजर झाली. शेवटी मी घेतला. मी सांध्यांना कान लावायचो, स्लीपर हुंगायचो आणि चाचा मागून हसायचे. पावसात दोनदा मी गाडी थांबवली. एकदा बरोबर होतो, एकदा उगाचच. उगाचच थांबवली त्या दिवशी मला बाईंची इतकी आठवण आली, की घरी जाऊन जेवलो नाही. शेठजींनी छपरांच्या दुरुस्तीऐवजी स्वागताच्या कमानीचा ठराव आणला. त्यावर वस्ताद आणि मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. छपरं झाली, कमान राहिली. शेठजी म्हणाले, "तुम्ही दोघं त्या बाईपेक्षा वाईट आहात." आम्हाला बरं वाटलं.

पुढं डोंगरापर्यंत सडक झाली, एसटी जायला लागली आणि कधीतरी खाणगाडी थांबली. पण त्याला वेळ होता. चाचा, वस्ताद, बाई, कुणीच आता नाही. बाईंची आठवण काढली की मला त्यांचे बूट आणि हातोडा आठवतो, पण त्याहून जास्त आठवतो तो त्या आजऱ्याहून परत आल्या तो रविवार.

त्या न कळवता आल्या. हातात काजूची पिशवी, पायात साध्या चपला. जरा वाळलेल्या दिसत होत्या. आम्ही सगळे धावलो. मी हातोडा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. "तुमचं झालं ना बघून?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या मधल्या डब्यात गेल्या आणि कडेच्या बाकावर, आया-पोरांच्या गर्दीत बसल्या.

गाडी सुटली. मी मागच्या डब्यात होतो. माझे कान सगळे रुळांकडं. प्रत्येक सांध्याला मला वाटे, आता बाईंना काहीतरी ऐकू येणार. डोंगराशी माणसं उतरली, फिरून आली, पुन्हा चढली. बाई उतरल्या नाहीत. परत गावाच्या कडेला येऊन गाडी थांबली, डबे रिकामे झाले, तरी बाईंचा पत्ता नाही. मी घाबरून मधल्या डब्यात डोकावलो.

बाई झोपल्या होत्या. डोकं छपराच्या खांबाला टेकलेलं, तोंड थोडंसं उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. काजूची पिशवी मांडीवरून खाली पडली होती आणि चार-दोन काजू फळ्यांवर घरंगळले होते. चाचा इंजिनावरून उतरून माझ्या मागं येऊन उभे राहिले. वस्तादही आले. आम्ही तिघं तसेच बघत राहिलो. ओढ्याचा पूल गेला होता, चढ गेला होता, सगळे सांधे गेले होते आणि बाई झोपल्या होत्या.

"उठवू का?" मी विचारलं.

चाचांनी नको म्हणून मान हलवली. दुसऱ्या फेरीची माणसं जमली होती. वस्तादांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना हळू चढायला सांगितलं. एका बाईनं काजू गोळा करून पिशवीत भरले आणि पिशवी बाकावर ठेवली. चाचा इंजिनावर चढले. त्या फेरीला त्यांनी शिट्टी मारली नाही. गाडी अलगद हलली आणि बाईंना घेऊन पुन्हा डोंगराकडं निघाली.